स्पंजाच्या घरातील भाडेकरू



लाखनी तालुक्यातील एका आजीचे पत्र आले आहे. अक्षर नातीचे, बोल आजीचे. चार वर्षांचा नातू सिकलसेलचा, एसएस पॅटर्नचा. आषाढात त्याला सणकून ताप आला. घरच्यांनी वेळ न दवडता रुग्णालय गाठले आणि तेथे रोज एक याप्रमाणे इंजेक्शन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. रोवणीचे दिवस, घरी कामाला माणूस नाही, म्हणून आजीच्या मनात आले की आता पोराला घरी न्यावे. सून मात्र अडून बसली. डॉक्टरांनी सांगितलेली सगळी इंजेक्शने झाल्याशिवाय हलायचे नाही, असे तिचे म्हणणे. त्यातच वॉर्डाबाहेर बसलेल्या एका गृहस्थाने सांगितले, की हे औषध गटाराच्या पाण्यातून काढतात. आजी लिहितात, "भाऊ, मले तं किळसच आली. पोराच्या अंगात गटाराचं पानी गेलं काय? खरं काय ते तुमी पेपरात लिवा." बाटलीवरचे नाव नातीने नीट उतरवून पाठवले आहे: सेफ्ट्रायझोन.

आजी, त्या गृहस्थाचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे त्यांनी सांगितले असते तर तुम्हाला किळस आली नसती. ते आज सांगतो. ही गोष्ट गटारापासून सुरू होऊन समुद्राच्या तळाशी जाते, म्हणून थोडी लांबेल.

साल १९४५. इटली देशाच्या सार्डिनिया बेटावर कॅग्लियारी नावाचे बंदराचे शहर आहे. तेथे ज्युसेप्पे ब्रोत्झू हे सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक होते. शहराचे सांडपाणी सरळ समुद्रात सोडले जाई आणि त्याच पाण्यात गावातील पोरे डुंबत. अशा पोरांत मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, जितका पसरायला हवा तितका पसरत नाही, हे ब्रोत्झू यांच्या लक्षात आले. दुसरा कोणी असता तर "देवाची कृपा" म्हणून गप्प बसला असता. यांनी बाटली घेतली आणि गटाराचे तोंड जिथे समुद्राला मिळते तेथले पाणी भरून आणले. त्या पाण्यातील सूक्ष्म जीव वाढवून पाहिले, तेव्हा त्यांत एक बुरशी निघाली. तिचे नाव सेफॅलोस्पोरियम. ती जिथे वाढे तिच्या आसपास टायफॉईडचे जंतू टिकत नसत.

ब्रोत्झू यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. बुरशीचा कच्चा अर्क काढून त्यांनी काही रोग्यांवर वापरला आणि गुण येताना पाहिला. १९४८ मध्ये एका लहानशा स्थानिक प्रकाशनात त्यांनी ही हकिकत छापली. ती कोण वाचणार? परंतु एका इंग्रज डॉक्टरच्या ओळखीने ती बुरशी ऑक्सफर्डला पोहोचली. पेनिसिलीनला औषधाचे रूप देणारी मंडळी तेथेच काम करीत होती. त्यांच्यातील एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांना १९५३ मध्ये त्या बुरशीत सेफॅलोस्पोरीन-सी हे द्रव्य सापडले. त्यापासून केलेले पहिले औषध १९६४ मध्ये बाजारात आले. आज सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या सेफॅलेक्सिनच्या कॅप्सूल, सेफिक्झिमच्या गोळ्या आणि नातवाला दिलेले सेफ्ट्रायझोन, ही सारी त्याच कुळातली.

मग गटाराचे पाणी अंगात गेले का? नाही. विरजण शेजारणीकडून एकदाच आणतात, पुढे रोजचे दही घरच्याच दुधाचे लागते. तसे हे आहे. बुरशी एकदा सापडली, निवडली, शुद्ध केली. आता ती कारखान्यातील बंद पोलादी टाक्यांमध्ये साखर, हवा आणि ऊब देऊन वाढवतात, तिच्यातून हवे ते द्रव्य काढतात, त्यावर आणखी रासायनिक संस्कार करतात, आणि तेव्हा कुठे ती पांढरी भुकटी बाटलीत येते. तुमच्या नातवाच्या बाटलीत गटाराचा थेंब नव्हता.

येथे एक प्रश्न उरतो. ती बुरशी मूळची समुद्रात राहणारी होती, की गटाराबरोबर जमिनीवरून वाहत आलेली वाटसरू होती? हा प्रश्न वाटतो तितका रिकामा नाही. गेली तीसेक वर्षे समुद्रातील बुरश्यांच्या मागे लागलेल्या शास्त्रज्ञांना तो सारखा छळतो आहे. त्यांना सगळ्यांत जास्त बुरश्या सापडल्या त्या स्पंजांच्या पोटात.

स्पंज म्हटले की आपल्याला पाटी पुसायचा तुकडा आठवतो, नाहीतर पोस्टात तिकीट ओले करायला डबीत ठेवलेला. ते बहुतेक कारखान्यात बनवलेले. खरा स्पंज हा प्राणी आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही, हातपाय नाहीत. अंगभर बारीक छिद्रे आहेत. त्या छिद्रांतून तो पाणी आत ओढतो, त्यातील बारीक खाद्य गाळून घेतो आणि पाणी वरच्या मोठ्या छिद्रातून सोडून देतो. किलोभर वजनाचा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी असे गाळतो. त्याच्या नऊ हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक समुद्रात आहेत, परंतु सगळ्या नव्हेत.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा. मालगुजारी तलावात पाणी उतरू लागले की बुडालेल्या ओंडक्यांवर, बांबूच्या खुंटांवर, दगडांच्या खालच्या अंगाला हिरवट-तपकिरी, भुसभुशीत असे एक पुट दिसते. हाताला खरखरीत लागते, उग्र वास मारते, आणि चोळले तर अंग खाजते, कारण त्याच्यात काचेसारख्या बारीक सुया असतात. तोही स्पंजच, गोड्या पाण्यातला. वैशाखात तलाव आटला की तो मरतो, पण मागे मोहरीहून बारीक दाणे ठेवून जातो, आणि पावसाळ्यात त्यांतून पुन्हा उगवतो. मुंबईच्या तलावांतील अशा स्पंजांचा अभ्यास कार्टर नावाच्या फौजी डॉक्टरने १८४० च्या दशकात केला होता. भारतभर सापडणाऱ्या एका जातीला त्याचेच नाव मिळाले आहे. आपल्या पोरांनी तो शंभर वेळा पायाखाली तुडवला असेल. पुढच्या वेळी थांबून बघा म्हणावे. हात मात्र धुवा.

आता समुद्रातल्या स्पंजाकडे या. तो खडकाला चिकटलेला. शत्रू आला तर पळता येत नाही, दात नाहीत, कवच नाही. तरी मासे त्याला सहसा खात नाहीत आणि सडवणारे जंतू त्याच्यावर सहज चढत नाहीत. कारण त्याच्या अंगात विषारी द्रव्ये असतात. रसायनशास्त्रज्ञांनी विचार केला, की जे विष जंतूला मारते ते आपल्या कामाचे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा किनाऱ्यावरील एका स्पंजात वर्नर बर्गमन यांना काही नवलाईची द्रव्ये सापडली. ही १९५० च्या सुमाराची गोष्ट. त्यांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत सायटाराबीन हे औषध तयार झाले. १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांवर आजही ते देतात.

परंतु स्पंजावर अवलंबून राहण्यात एक मोठी अडचण होती. जपानमध्ये हिराता आणि उएमुरा यांनी १९८६ मध्ये एका काळ्या स्पंजातून कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य काढले. सहाशे किलो स्पंज उपसला तेव्हा हाती आले साडेबारा मिलिग्रॅम! चिमूटभर सुद्धा नव्हे. एवढ्यावर किती रोग्यांना औषध पुरणार आणि किती समुद्र उजाड करणार? शेवटी त्या द्रव्याची घडण पाहून रसायनज्ञांनी तिचा आवश्यक तेवढा भाग हाताने जुळवला. त्यातून एरिब्युलिन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध आले आणि २०१० मध्ये त्याला मान्यता मिळाली. म्हणजे पहिल्या शोधापासून चोवीस वर्षे गेली.

याच काळात स्पंजाच्या घरात आणखी कोणकोण राहते याची झडती सुरू झाली. एखाद्या स्पंजाचे वजन केले तर त्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, त्याच्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचाच असतो. घर लहान, बिऱ्हाडे फार. त्यांत जिवाणू सर्वांत जास्त आणि त्यांच्या मधोमध बुरश्या. दाटीच्या वस्तीत जागेवरून आणि खाण्यावरून भांडणे व्हायचीच. बुरशीचे भांडण रसायनांनी चालते. शेजारच्या जिवाणूला दूर ठेवण्यासाठी ती काहीतरी पाझरवते. तेच आपले प्रतिजैविक औषध. मग शंका आली, की स्पंजाच्या नावावर खपलेले विष खरोखर स्पंजाने केले की त्याच्या भाडेकरूने?

मला येथे आपल्या घरोघरच्या बिडीच्या कामाची आठवण होते. बंडलावरचे लेबल कोणाचे आणि बोटे झिजलेली कोणाची, हे भंडाऱ्याच्या वाचकाला फोड करून सांगायला नको. असो.

खरा कारागीर कोण हे शोधण्याची रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. पाणबुडा खाली उतरून स्पंजाचा लहान तुकडा कापून आणतो. जंतुरहित पाण्याने त्याची वरची बाजू पुन्हा पुन्हा धुतात, म्हणजे नुसती चिकटलेली घाण निघून जावी. मग आतला गाभा कापून त्याचे बारीक कण एका खळीवर ठेवतात. त्या खळीत बुरशीचे खाद्य असते आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून थोडे प्रतिजैविकही घातलेले असते. आठ-पंधरा दिवस वाट पाहतात. पावसाळ्यात ठेवणीतल्या भाकरीवर जसा बुरा चढतो तसे हिरवे, पांढरे, काळे ठिपके उगवतात. प्रत्येक ठिपका वेगळा काढून वेगळ्या बशीत वाढवतात. पुढे त्याला खाऱ्या रसात भरपूर वाढू देतात, रस गाळतात, त्यातील द्रव्ये वेगळी करतात आणि एकेक द्रव्य जंतूंवर, कर्करोगाच्या पेशींवर टाकून बघतात. शंभर ठिकाणी काहीच होत नाही. एखाद्या ठिकाणी जंतू मरतात. तेव्हा सहाशे किलो स्पंज उपसावा लागत नाही. बोटभर तुकडा पुरतो, कारण बुरशी टाकीत हवी तेवढी वाढवता येते. या सगळ्या खटाटोपाचे मोल तेथे आहे.

एक उदाहरण देतो. भूमध्य समुद्रातील इर्सिनिया नावाच्या स्पंजातून एक बुरशी निघाली. जर्मनीतील गेरहार्ड ब्रिंगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिच्यातील सॉर्बिसिलॅक्टोन हे द्रव्य जगापुढे मांडले. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत त्याचा चांगला परिणाम दिसला. आणि बुरशी कोणती? पेनिसिलियम क्रायसोजेनम. ज्या जातीपासून जगभर पेनिसिलीन करतात, तीच. जमिनीवर ती पेनिसिलीन देते हे ठाऊक होते, पण समुद्रातून आलेल्या तिच्या भावंडाने हे नवेच द्रव्य काढून दाखवले.

खरे ते सांगितले पाहिजे. सॉर्बिसिलॅक्टोनचे औषध अजून झालेले नाही. स्पंजातील बुरश्यांमधून शेकडो द्रव्ये निघाली आहेत, त्यांतील बहुतेक सगळी प्रयोगशाळेच्या बशीपर्यंतच पोहोचली. बशीतला जंतू मारणे वेगळे आणि माणसाला इजा न करता त्याच्या अंगातला जंतू मारणे वेगळे. तेव्हा "समुद्रातील स्पंजापासून कर्करोगावर रामबाण" अशी जाहिरात करून कोणी डबी विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

वाटसरूचा प्रश्नही अजून पुरता सुटलेला नाही. स्पंज रात्रंदिवस पाणी गाळतो, तेव्हा पाण्याबरोबर वाहत आलेले बुरशीचे बीज त्याच्यात अडकणारच. सापडलेल्या बुरश्यांत पुष्कळशा जमिनीवरच्याच ओळखीच्या, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, की हे भाडेकरू नव्हेत, धर्मशाळेत रात्रीपुरते टेकलेले पांथस्थ आहेत. उलट २००५ मध्ये असे आढळले, की काँड्रिला नावाच्या स्पंजात एक यीस्ट राहते आणि ते आईकडून अंड्यात, अंड्यातून पिलात जाते. पिढ्यान् पिढ्या एकत्र राहणाऱ्याला पांथस्थ कसे म्हणायचे? माझे मत विचाराल तर दोन्ही प्रकारचे असणार. गावात मूळ रहिवासी असतात आणि बाजाराला आलेलेही असतात.

आपल्याकडे हे काम होते का, असे कोणी विचारील. होते. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९६६ ची. तेथील एन. एल. ठाकूर आणि ए. सी. अनिल यांनी इर्सिनिया रॅमोसा या स्पंजाचा अभ्यास करून २००० मध्ये दाखवले, की त्याच्या जंतुनाशक शक्तीत त्याच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या जिवाणूंचाही वाटा आहे. पुन्हा तोच भाडेकरू! त्याच संस्थेत चंद्रलता रघुकुमार यांनी आयुष्यातील कितीतरी वर्षे समुद्रातील बुरश्यांना दिली. हिंदी महासागराच्या मध्यभागी सुमारे पाच हजार मीटर खोल असलेल्या गाळातूनही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बुरश्या वाढवून दाखवल्या. समुद्रगवताच्या सडक्या पानांवरील एक बुरशी मळीच्या काळ्या सांडपाण्याचा रंग काढते, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. १९९० च्या दशकात केंद्र सरकारने समुद्रातून औषधे शोधण्याचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था त्याच्या मध्यभागी होती आणि गोव्याची संस्था त्यात सहभागी होती.

आपली मुले-मुली सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. होतात आणि नंतर विचारतात, की आता डी.एम.एल.टी. करू की बी.एड.? दोन्ही चांगलेच. पण दोना पावला नावाची जागा आहे आणि तेथे बुरशी वाढवून पोट भरता येते, एवढे तरी त्यांच्या कानावर असावे.

जीवकाची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. तथागतांवर उपचार करणारा हा वैद्य तक्षशिलेला शिकत होता. शिक्षण पूर्ण होताना गुरूने त्याला सांगितले, की तक्षशिलेच्या भोवती एक योजन फिरून ये आणि जे औषधी नाही ते घेऊन ये. जीवक फिरून रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असे काही त्याला सापडलेच नाही, आणि गुरूने त्याला उत्तीर्ण केले. मला ही गोष्ट फार आवडते. पण तिचा अर्थ सगळेच खाऊन बघावे असा कोणी करू नये. बुरश्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागांत पावसात भिजून बुरा चढलेला मका आदिवासी कुटुंबांनी पोटासाठी खाल्ला. त्या बुरशीच्या विषाने त्यांचे यकृत निकामी झाले आणि शंभरावर माणसे दगावली. बुरा चढलेले शेंगदाणे, मका, तांदूळ धुऊन वाळवून खाण्यालायक होत नाहीत. गुराढोरांनाही घालू नका. "बुरशीपासून औषध होते असे पेपरात वाचले" म्हणून जखमेवर शिळ्या भाकरीचा बुरा लावणारा कोणी निघाला, तर त्याला हा परिच्छेद दोनदा वाचून दाखवा.

आता आजींच्या नातवाकडे येतो, कारण पत्रातली खरी गोष्ट तीच आहे.

सिकलसेल आपल्या भागात फार आहे. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपूर भागातील लोकांच्या रक्तात तो दाखवला. त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या घरांत "वाताचं दुखणं" किंवा "कोणाची तरी नजर" म्हणून तो लपून राहिला. हा जातीचा रोग नाही. जेथे पिढ्यान् पिढ्या हिवतापाचे थैमान होते, तेथल्या अनेक समाजांत तो आहे, गोंडांतही आहे. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि सांधे ठणकतात हे घरोघर माहीत आहे. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की लहानपणीच या पेशी मुलाची प्लीहा निकामी करतात. आपण जिला पाणथरी म्हणतो ती हीच. रक्तातले जंतू गाळणारी ती चाळणी. चाळणीच गेली की साध्या घरी दोन दिवसांत बरा होणारा जंतू या मुलात काही तासांत रक्तभर पसरतो. म्हणून एसएस मुलाला १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप गेला, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असो, रोवणी असो, लग्न असो, दवाखाना गाठायचा. तेथे डॉक्टर बहुधा जे इंजेक्शन टोचतात ते याच सेफॅलोस्पोरीन कुळातले असते.

आणि ताप येऊच नये म्हणून जी गोळी देतात ती पेनिसिलीनची. तीही बुरशीचीच देणगी. अमेरिकेत तीन वर्षांखालील सिकलसेलच्या मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलीन देऊन पाहिले. १९८६ मध्ये त्याचा निकाल छापून आला. रक्तात जंतू पसरण्याचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले होते. फरक इतका उघड होता, की प्रयोग ठरल्यापेक्षा आठ महिने आधी थांबवून सगळ्याच मुलांना गोळी सुरू केली. तेव्हापासून अशा मुलांना दोन-तीन महिन्यांच्या वयापासून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलीन द्यावे असे डॉक्टर सांगतात. न्यूमोनियाची लस द्यायची ती वेगळी. आजींच्या पत्रात या गोळीचा उल्लेख नाही. नातू चार वर्षांचा आहे. पुढच्या तारखेला गेल्यावर डॉक्टरांना सुनेने एवढेच विचारावे, की "याला पेनिसिलीनची गोळी चालू आहे का, नसेल तर का नाही?" विचारण्यात संकोच नको. पेनिसिलीन सोसत नसलेल्या मुलाला दुसरे औषध देतात, तेही डॉक्टरच ठरवतील.

पेनिसिलीनवरून एक आठवले. मे १९५४ मध्ये बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि आपण त्यांना निवडून आणू शकलो नाही. ती सल जुन्या माणसांच्या बोलण्यात आयुष्यभर राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली, आणि १९५५ पासून तेथे बुरशीच्या टाक्यांतून देशी पेनिसिलीन निघू लागले. तोवर ते परदेशातून येई. पुढे तेथले पेनिसिलीनचे उत्पादन बंद पडले आणि देशाला लागणारा कच्चा माल बराच काळ चीनमधून येत राहिला. स्वस्त गोळीचा कच्चा माल कोणाच्या हातात आहे, हा गरिबाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

राहिली आजींची घाई. दोन दिवसांत ताप उतरला म्हणजे दुबळे जंतू मेले. चिवट अजून शिल्लक असतात. मध्येच औषध थांबवले की तेच वाढतात, आणि पुढच्या खेपेला त्याच इंजेक्शनाला दाद देत नाहीत. बुरशी आणि जिवाणू यांचे हे भांडण आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. जिवाणू त्यात नव्या तोडी शोधण्यात तरबेज झालेले आहेत. गावात सायकलवरून, आता मोटारसायकलवरून येणारा पेटीवाला "डॉक्टर" एकच इंजेक्शन टोचून जातो, किंवा औषधाच्या दुकानातून आपण चार गोळ्या मागून घेतो, तेव्हा आपण जिवाणूची शिकवणीच घेत असतो. आणि मांत्रिकाकडे नेऊन अंगारा लावण्यात जे तास जातात ते एसएस मुलाला परवडत नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे लिहावे लागते याचा मला राग येतो, पण लिहावे लागते.

तेव्हा आजी, सुनेचे बरोबर होते. तिला तसे सांगा. तिने पाच दिवस वॉर्डात काढले आणि घरी येऊन उरलेल्या बांध्यांची रोवणीही केली असणार, हे पत्रात नसले तरी मला कळते.

नातीने पत्राच्या मागच्या बाजूला आणखी एका गोळीचे नाव लिहून विचारले आहे, "ही पण बुरशीचीच का?" ती गोळी फॉलिक अ‍ॅसिडची. ती बुरशीची नाही. तिचे नाव झाडाच्या पानावरून पडले आहे आणि ती एसएस मुलाला रोज का लागते, ते पुढील अंकी.